प्रेमाचं नसलेलं युगुलगीत

युगुलगीत म्हटलं की आपल्या डोक्यात चित्र ठरलेलं असतं, तो आणि ती, मध्ये प्रेम नाहीतर रुसवा, गेलाबाजार पाऊस तरी, आणि तिचा आवाज वर वर जाणार आणि हा खालून सांभाळून घेणार. मला ती गाणी आवडतात, उगाच नावं ठेवत नाहीये. पण माझं सगळ्यात लाडकं युगुलगीत कुठलं विचाराल तर त्यात ना प्रेम आहे ना पाऊस, गाणारे दोघं एकमेकांना एकदाही लाडीगोडी लावत नाहीत, आणि वर भाषा तीन, त्यातली एक अशी की तिचं नावसुद्धा तेव्हा आमच्या पेठेत कुणी ऐकलं नव्हतं. सेव्हन सेकंड्स. १९९४ सालचं. सेनेगलचा गायक यूसू एन्डूर आणि स्वीडनमध्ये जन्मलेली गायिका नेने चेरी.

हो, नेने. पुण्यात राहून यावर जे जे विनोद होऊ शकतात ते सगळे तेव्हाच होऊन गेलेत. आमच्या ग्रुपमधल्या एकाचं तर ठाम म्हणणं होतं की नाव आणि आडनाव उलटं छापलंय, ही मुळात चेरी नेने, कोकणातलीच कुठलीतरी, लग्न करून तिकडे गेली असणार. असो.

त्या सुमारास केबलवर नुसता गोंधळ होता, स्टारवरचं एमटीव्ही गेलं, त्या जागी चॅनल व्ही आलं, केबलवाला त्याच्या मूडप्रमाणे चॅनलांची जागा बदलायचा, आणि घरात एकच टीव्ही त्यामुळे बाबा बातम्या लावायच्या आत जेवढं बघून होईल तेवढं. त्यात हा व्हिडिओ लागायचा. काळापांढरा. स्टेफान सेदनावी नावाच्या फ्रेंच फोटोग्राफरने केलेला. रस्त्यावरून माणसं जातायत, नाना वंशाची, नाना चेहऱ्यांची, एकाच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचा चेहरा येऊन विरघळतोय, आणि हे दोघं फक्त ते बघतायत आणि गातायत. नाच नाही, गाडी नाही, समुद्रकिनारा नाही. आजी शेंगा सोलत बसलेली असायची, ती म्हणाली होती की ह्या दोघांचं कुणीतरी गेलेलं दिसतंय. मला अजूनही वाटतं की त्या व्हिडिओबद्दल याहून बरं कुणी काही बोललेलं नाही.

गाणं मिळवायचं कसं तर तेव्हा डेक्कनला एक दुकान होतं तिथे आपण गाण्यांची यादी द्यायची आणि ते कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचे, कायदेशीर वगैरे विचारू नका, सगळं पुणं तेच करायचं. यादीत मी सेव्हन सेकंड्स लिहिलं, गायकाच्या नावाचं स्पेलिंग मला काही येईना म्हणून काळापांढरा व्हिडिओवालं असं कंसात लिहिलं, आणि दुकानातल्या काकांना बरोबर कळलं.

आता गाणंच बघा. सुरुवातीला सिंथेसायझरचा एक लांब, थंड सूर, मग संथ ठोका, आणि मग तो गायला लागतो, वोलोफमध्ये. वोलोफ म्हणजे सेनेगलमध्ये बहुतेक सगळे बोलतात ती भाषा, कागदोपत्री तिकडे राजभाषा फ्रेंच, पण बाजारात, घरात, भांडणात वोलोफ. जगभर विकायच्या गाण्याचं पहिलं कडवं त्यात! कुणाही शहाण्या माणसाने सांगितलं असतं की बाबा आधी इंग्रजी येऊ दे, लोकांना धरून ठेव, मग मध्ये कुठेतरी तुझी भाषा घाल. हल्ली तेच चालतं ना, इंग्रजी गाणं आणि त्यावर कोथिंबिरीसारखी भुरभुरलेली एखादी स्पॅनिश नाहीतर पंजाबी ओळ. इथे ज्याचे शब्द ऐकणाऱ्यातल्या बहुतेकांना कळणार नाहीत तोच आधी बोलतो, आणि बोलतो काय तर साधारण असं, की दुरून माझं हसणं बघून माझ्या खाली आणि मागे काय आहे ते मला कळत नाही असं समजू नका. हा अर्थ मला फार नंतर, इंटरनेट आल्यावर कळला, पण खरं सांगायचं तर त्याने गाणं जास्त आवडलं वगैरे काही झालं नाही, ते आधीच आवडून झालेलं होतं.

मग ती येते इंग्रजीत, मग दोघं मिळून धृवपद, मग तो परत येतो तेव्हा फ्रेंचमध्ये, मग ती बाळाबद्दल गाते, की जन्माला आलेल्या पोराला आपण कुठल्या रंगाच्या कातडीत आलोय हे माहीतच नसतं. सात सेकंद म्हणजे तेच, बाळाच्या आयुष्यातले पहिले सात सेकंद, जगातली मारामारी अजून कानावर न आलेले. गाणारी तेव्हा स्वतः दोन मुलींची आई होती, त्यामुळे त्यात उपदेश वाटत नाही, किंवा मला तरी वाटत नाही.

आणि आवाज. आपले कान लताबाई-आशाबाईंवर पोसलेले, बाईचा सूर वर आणि बाप्याचा खाली हे इतकं मुरलंय की दुसरं काही असू शकतं हेच सुचत नाही. इथे बरोब्बर उलटं. एन्डूरचा आवाज उंच, धारदार, अजान देणाऱ्याच्या जवळ जाणारा, आणि नेने चेरी खाली, जवळजवळ बोलल्यासारखी, कारण ती आलीच रॅपमधून. तो आभाळात आणि ती रस्त्यावर. आणि दोघंही आपापली जागा सोडत नाहीत, हे मला फार आवडतं. जुगलबंदी ऐकताना मला कायम भीती असते की दोघं थोड्या वेळाने एकमेकांना खूश करायला लागणार, मग नुसता सवाल-जवाब, टाळ्या, आणि राग गेला उडत. या गाण्यात कुणीच कुणाला खूश करत नाही. धृवपदात भेटतात आणि परत आपापल्या घरी जातात.

एन्डूर हा काही या गाण्याने उगवलेला माणूस नाही. १९५९ चा जन्म, डाकारच्या मेदिना वस्तीतला, आईकडून ग्रिओ घराणं, म्हणजे वंशावळी आणि पराक्रमाची कवनं तोंडपाठ ठेवणारी गाणारी मंडळी, आपल्याकडचे भाट आणि शाहीर एकत्र केले तर जे होईल ते. सबार ढोल आणि काखेत दाबून वाजवायचा तामा, त्यावर उभं राहिलेलं म्बालाक्स नावाचं नाचरं संगीत त्याने सगळीकडे पोचवलं. पीटर गेब्रिएल या इंग्लिश गायकाच्या १९८६ च्या अल्बमवर त्याचा आवाज आहे, आणि हे वाचून मी उडालेच होते, १९८८ मध्ये तो भारतात येऊन गायलाय, अॅम्नेस्टी या मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेची ती जगभरची टूर, दिल्लीत नेहरू स्टेडियमवर ३० सप्टेंबरला, स्प्रिंगस्टीन, स्टिंग, ट्रेसी चॅपमन अशा बड्या पाश्चात्त्य गायकांच्या बरोबर. म्हणजे आपण त्याला केबलवर शोधायच्या सहा वर्षं आधी तो राजधानीत येऊन गेला होता आणि आपल्याला पत्ता नाही.

नेने चेरीचं घर तर विचारूच नका. जन्म स्टॉकहोमचा, आई स्वीडिश चित्रकार मोकी, वडील सिएरा लिओनचे ढोल वाजवणारे, आणि वाढवलं ते सावत्र वडिलांनी, डॉन चेरी, ट्रंपेट वाजवणारे, जॅझवाल्यांना सांगायला नको. त्या घरात तीन भाषांचं गाणं कुणाला विचित्र वाटलं असेल असं मला नाही वाटत. गाणं लिहिण्यात एन्डूर आणि ती, तिचा नवरा कॅमेरॉन मॅकव्हे आणि जॉनी डॉलर. यातल्या मॅकव्हे आणि डॉलर यांचा हात मॅसिव्ह अॅटॅक या ब्रिटिश ग्रुपच्या १९९१ च्या ब्लू लाइन्स अल्बमवर पण होता, आणि तो थंड संथ ठोका कुठून आला ते एकदा तो अल्बम ऐकलात की लगेच कळतं.

इथे एक तक्रार नोंदवून ठेवते. सबार कुठाय? तामा कुठाय? म्बालाक्सवाल्या कट्टर लोकांना हे गाणं पाणचट वाटतं, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, ठोका पूर्ण लंडनचा आहे, डाकारमधून फक्त गळा आलाय. पण गडी पक्का हिशोबी होता. बाहेरच्या जगासाठी वेगळे अल्बम आणि डाकारच्या बाजारासाठी वेगळ्या कॅसेटी, त्यात ढोल दणदणीत, असं त्याने वर्षानुवर्षं चालवलं. त्यामुळे त्याने घर विकलं वगैरे म्हणणाऱ्यांनी आधी त्या कॅसेटी ऐकाव्यात आणि मग बोलावं.

चार्टची गोष्ट मजेशीर आहे. ब्रिटनमध्ये तिसऱ्या नंबरपर्यंत. अमेरिकेत बिलबोर्डच्या हॉट १०० मध्ये ९८, म्हणजे आलं आणि गेलं, कुणाला कळलंही नसेल. आणि फ्रान्समध्ये सलग १६ आठवडे पहिल्या नंबरवर! तोपर्यंत तिथे एवढे आठवडे कुठलंच गाणं वर टिकलं नव्हतं. आता यातली गंमत अशी की त्याच १९९४ मध्ये फ्रान्स आपली भाषा वाचवायच्या कामाला लागला होता, तूबों नावाच्या मंत्र्याचा कायदा आला, जाहिरातीत फ्रेंच हवंच, करारात हवंच, आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांवरून होतं तसं सगळं रामायण. रेडिओवर ४० टक्के फ्रेंच गाणी वाजवायची सक्तीही त्याच वर्षी कायद्यात आली आणि १९९६ पासून लागू झाली. आणि हे सगळं चालू असताना लोक दुकानात जाऊन काय विकत घेत होते तर वोलोफने सुरू होणारं, अर्धंअधिक इंग्रजी गाणं. त्यात फ्रेंच आहे, पण ते पूर्वीच्या वसाहतीतल्या माणसाच्या तोंडून, त्याच्या उच्चारात.

आमच्या ग्रुपमध्ये रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकणाऱ्या दोघी होत्या, त्या आधी खूप खूश झाल्या की आम्हाला मधलं कडवं कळतं, आणि मग चारचौघांत कुणी विचारलं की सांगा बरं काय म्हणतोय तर दोघींचं आपसात भांडण. आम्ही बाकीचे चहा पीत बघत बसलो.

साल पण आठवून बघा. एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेत पहिल्यांदा सगळ्यांनी मतं दिली, मंडेला आले. त्याच एप्रिलमध्ये रवांडात कत्तल सुरू झाली आणि जुलैपर्यंत चालली. बोस्नियात सारायेवोचा वेढा चालूच होता. बातम्यांच्या आधी हे गाणं आणि नंतर बातम्या, बाबांनी रिमोट घेतला की असा क्रम व्हायचा आमच्याकडे. मी काही फार विचार करत होते असं नाही, कॉलेजात होते, पण आजीचं ते वाक्य तेव्हा आलं असणार असं मला वाटतं. नोव्हेंबरमध्ये एमटीव्हीने युरोपातले आपले पहिलेवहिले अवॉर्ड बर्लिनच्या ब्रँडेनबर्ग गेटपाशी दिले आणि सर्वोत्कृष्ट गाणं हेच.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे माझी भाची. अकरावीला फ्रेंच घेतलंय, कारण पुण्यात सगळे घेतात, मार्क मिळतात. गाडीत मी हे लावलं, चांदणी चौकात अडकलो होतो त्यामुळे पळून जायची सोय नव्हती. मधल्या कडव्याला तिने मान वर केली, आत्या हे फ्रेंच आहे, पण आमच्या मॅडम असं नाही बोलत. मग गाणारी कोण विचारलं, मी सांगितलं, तर म्हणे म्हणजे मेबलची आई? मेबल ही नेने चेरीची धाकटी मुलगी, १९९६ ची, आताची पॉप स्टार, भाचीच्या प्लेलिस्टमध्ये आहे. माझ्यासाठी नेने चेरी आणि तिच्यासाठी मेबलची आई. पचवायला जरा वेळ लागला.

मग तिने आपल्या मोबाइलवर याच्या इतर आवृत्त्या शोधल्या, २००५ च्या लाइव्ह एट कॉन्सर्टमधली, डायडो या इंग्लिश गायिकेबरोबरची सापडली, त्या एका दिवसात एन्डूर आणि ती लंडन, कॉर्नवॉल आणि पॅरिस अशा तीन ठिकाणी जाऊन गायले. भाचीला ती जास्त आवडली. मला नाही. डायडो गोड गाते, आणि या गाण्यात दोघंही गोड गायला लागले की आपलं नेहमीचं युगुलगीत होतं.

एन्डूरचं पुढचं सगळ्यांना माहीत असेलच, २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहायला गेला, सह्यांच्या कारणावरून अर्ज बाद, मग त्याच वर्षी नव्या सरकारात सांस्कृतिक मंत्री. ते सगळं सोडा आणि त्याचा इजिप्त नावाचा अल्बम ऐका, २००४ चा, कैरोच्या वादकांबरोबर सेनेगलच्या सूफी संतांवरची गाणी, ग्रॅमी मिळालेला, आणि घरच्या लोकांनी आधी नाकं मुरडलेला, की पॉपवाल्याने धार्मिक कशाला गावं. अभंग ऐकणाऱ्या कानांना तो पटकन जवळचा वाटेल असा माझा अंदाज आहे. हेडफोन लावून ऐका, फोनच्या स्पीकरवर नको.