लाल पट्टी

सकाळी झोटेरो, म्हणजे माझे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर, उघडलं आणि वर लाल पट्टी. माझ्या संग्रहातला एक शोधनिबंध मागे घेतला गेलाय.

सोबत काम करणारी मैत्रीण म्हणाली, "यादीतून काढून टाक, झालं!"

ते काही मनाला पटेना. यादीतून नोंद एका क्लिकमध्ये जाते, पण त्या निबंधाच्या भरवशावर उभ्या असलेल्या माझ्या परिच्छेदाचं काय? आणि त्याचाच आधार घेऊन लिहिलेल्या इतरांच्या निबंधांचं? ते तर याच संग्रहात आहेत, त्यांच्यावर कुठलीच पट्टी नाही.

२०१९ पासून झोटेरो 'रिट्रॅक्शन वॉच' या मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या उपक्रमाच्या माहितीशी आपल्या नोंदी ताडून बघतं. लिहिताना असा संदर्भ घालायला गेलं तरी बजावतं. केवढी मोलाची सोय, तीही फुकट! पण ही जुळणी होते डीओआय (निबंधाला दिलेला कायमचा ओळख क्रमांक) किंवा पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या सूचीतल्या क्रमांकावरून. हाताने भरलेल्या नोंदीत ते नसतील, तर इशारा येण्याची आशा नाही. डाउनलोड करून ठेवलेली पीडीएफ तर वर्षानुवर्षं तशीच राहते, निर्धास्त.

दुपारभर रिकाम्या डीओआयच्या नोंदी भरत बसले. परिच्छेद मात्र नव्याने लिहावा लागणार.

तुम्ही प्रबंध सादर करण्याआधी संदर्भ असे पुन्हा तपासता का?