पद्मिनीचं टायमिंग एकदाचं लागलं

इंजिन खोलून पुन्हा भरून दीड महिना झाला, पण गाडी सुरू होईना. सेल्फ मारला की कार्बोरेटरमधून फाट् फाट्, बस्स. 1989ची प्रीमियर पद्मिनी, फियाटचं तेच 1089 सीसीचं इंजिन. करंट होता, पेट्रोल येत होतं. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडायचा क्रम, 1-3-4-2 तर तोंडपाठ. तरी वायरी तीनदा काढून पुन्हा घातल्या.

परवाच्या रविवारी पहिल्यापासून सुरुवात केली आणि घोळ माझाच निघाला. पुलीची खूण टायमिंग कव्हरच्या खुणेसमोर आणून, डेल्कोमधला (डेल्को म्हणजे प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) फिरता रोटर जिकडे तोंड करून होता तिथे मी बिनधास्त एक नंबरची वायर लावली होती. पण ती खूण क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) प्रत्येक फेरीला समोर येते आणि डेल्कोची फेरी क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकच होते. एक आणि चार नंबरचे पिस्टन जोडीनेच वर येतात. कॉम्प्रेशनवर, म्हणजे ठिणगीआधी हवा-पेट्रोल दाबत, दोघांपैकी कोण, हे पुली सांगत नाही. मी एक नंबर एक्झॉस्टवर असताना धरला होता.

खात्री केली ती अशी. चारही प्लग काढले, रेडिएटरकडच्या एक नंबरच्या भोकात कागदाचा बोळा हलकाच बसवला, चौथा गिअर टाकला आणि मुलाला गाडी हळूहळू ढकलायला सांगितली. बोळा टप्पकन उडाला तो कॉम्प्रेशन. खूण जुळेपर्यंत तसंच पुढे नेलं, कॅप उघडली, तर रोटर चार नंबरच्या वायरीकडे बघत होता! डेल्को उपसायची गरज पडली नाही. 1ची 4शी आणि 3ची 2शी अदलाबदल केली, संपलं. (रोटर कुठल्या बाजूला फिरतो ते कॅप काढून डोळ्यांनीच बघा. कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, मी एकदा गेलो होतो.)

मग पॉइंट, म्हणजे डेल्कोमधला उघडझाप करणारा स्विच. फीलर गेजने त्यांचा गॅप 0.45 मिमी ठेवला. हे टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) लावायच्या आधीच करायचं, कारण गॅप बदलला की टायमिंगही सरकतं. मॅन्युअलमधल्या डिग्रीवर पुली आणली, तीही इंजिन फिरतं त्याच दिशेने. पुढे गेली तर बरीच मागे घेऊन पुन्हा पुढे आणायची, नाहीतर गिअरमधला ढिलेपणा फसवतो. डेल्कोच्या बारीक वायरीचं टोक आणि बॉडी यांच्यात 12 व्होल्टचा बल्ब जोडून इग्निशन ऑन केलं. पॉइंट उघडले की बल्ब पेटतो. तो नेमका पेटेल तिथे डेल्को धरून क्लॅम्प आवळला.

दुसऱ्या सेल्फला सुरू! आयडलिंग अजून थोडं हलतंय, पण मिसिंग नाही.

काल साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढलो. तिसऱ्या गिअरला लोड आला की खडखड नॉकिंग. वर थांबून डेल्को रोटरच्या दिशेने केसभर फिरवला, म्हणजे टायमिंग मागे आलं, ठिणगी जराशी उशिरा पडू लागली. उरलेल्या रस्त्याला आवाज नाही, पिकअपही तसाच. आता कार्बोरेटर उघडायचाय.