कानशिलात आणि कलम १२५
आज शेजारच्या वहिनींसोबत पोलीस ठाण्यात जावे लागले. पाण्याच्या मोटारीवरून झालेल्या भांडणात भाडेकरूने त्यांच्या कानशिलात लगावली आणि त्या झटापटीत कडेवरचे लेकरू फरशीवर आदळले. ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवून घेतली गेली. थापडेपुरते ते नियमाला धरूनच होते, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) मधील साधी दुखापत अदखलपात्र असून न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. पण लेकराचे काय? त्याचे मनगट सुजून टम्म झाले होते, म्हणून मी आधी एक्स-रेचा आग्रह धरला. वैद्यकीय तपासणीत हाडाला बारीक तडा निघाला. मोडलेले किंवा तडा गेलेले हाड म्हणजे कायद्याने गंभीर दुखापत. पोराला हात लावलाच नाही, असे भाडेकरू म्हणेल. तथापि दुसऱ्याची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्या बेदरकार कृत्यातून गंभीर दुखापत झाल्यास याच संहितेच्या कलम १२५ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि तो गुन्हा दखलपात्र आहे. 'आपसात मिटवून टाका' असे सांगणारे मोहल्ल्यात पुष्कळ निघाले (त्यांच्यापैकी एकही दवाखान्यात आला नाही, हे सोडा). वहिनींनी मात्र ठाम नकार दिला असून, वैद्यकीय अहवाल आणि लेखी तक्रार घेऊन आम्ही उद्या सकाळी पुन्हा ठाण्यात जाणार आहोत.