काय पळून जातीय?

फडताळातली तेलाची बरणी उचलली, तर खाली हिने अंथरलेला कागद दिसला. काश्मीर, आठ दिवस, एप्रिल २०२०. श्रीनगरवर तेलाचा गोल डाग, गुलमर्ग शाबूत. बरणी हातात धरून मी उभाच.

"पुसताय की वाचताय?" आतून आवाज आला.

त्या वर्षी काश्मीर राहू द्या, नीरेचा पूल ओलांडून पुण्याला जायचं तरी ई-पास लागायचा. आमच्यासारख्या निवृत्त माणसांनी कारण काय लिहायचं? 'कंटाळा आला' असा रकाना त्या अर्जात नव्हता. ऑगस्टात जरा सैल झालं तेव्हा ही म्हणाली, "जिल्ह्यातल्या जिल्ह्यात तरी कुठंतरी चला." मी म्हटलं, लिंबची विहीर.

सातारकर असून साठी उलटेपर्यंत मी बारामोटेची विहीर पाहिली नव्हती. लाज वाटते, पण तेवढीच ती आमच्या निम्म्या गल्लीला वाटायला हवी. अंतर पंधरा-सोळा किलोमीटर. लहानपणी पुण्याच्या एसटीत लिंबचा फाटा आला की मी दरवेळी विचारायचो, आणि नाना पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "बघू की निवांत. विहीर काय पळून जातीय?" हे वाक्य आमच्या घरात अजिंक्यताऱ्यालाही लागू होतं. कासलासुद्धा. पुण्या-मुंबईच्या गाड्यांची यवतेश्वरच्या घाटात रांग लागायला लागली, तेव्हा कुठे आम्ही पाहुण्यांना वाट दाखवायला म्हणून फुलं बघितली. तोवर आमच्या लेखी कास म्हणजे नळाचं पाणी.

विहिरीकडे जाताना लांबून काहीच दिसत नाही. विहीरच ती, उंच थोडीच असणार? मग एकदम रुंद दगडी पायऱ्या, भिंतीतून रोखून बघणारे व्याल, म्हणजे सिंहासारखे दगडी प्राणी, आणि आत आठ कोनांची ती खोल विहीर. तिच्या अंगालाच महाल, कोरीव खांबांचा. खाली हिरवं पाणी, अंगाला गारवा, आणि आम्ही दोघं मास्क लावून. तिसरं माणूस नाही. ही पहिल्यांदा काय म्हणाली असेल? "इथं झोप छान लागेल."

मी वर जाऊन मोटांच्या जागा मोजत बसलो. पंधरा जागा आहेत, त्यांतल्या बारा एका वेळी चालत. आमच्या आजोळी एकच मोट होती. बैल धावेवरून उतरायचे तसा नाडा ताणायचा, चाक करकरायचं आणि कातड्याची मोट थारोळ्यात भळकन पाणी ओकायची. मामा मला नाड्यावर बसवायचा. मग बैलांनी पाठमोरं, एकेक पाय चाचपत, पुन्हा वर यायचं. मला त्यांची कीव यायची. सकाळपासून चालून संध्याकाळी तिथंच! पुढे विजेचा पंप आला, मोट गोठ्यात पडली आणि उंदरांनी कुरतडली. इथं तर बारा मोटा. एकेक जोडी धरली तरी चोवीस बैल. तो करकराट, ती हाकाटी, आणि पलीकडे आमराई पाणी पितेय.

एक सांगायचं राहिलं. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात ही विहीर १६४१ ते १६४६ या काळातली म्हणून ठोकून दिलेली असते. अहो, ते शके! अठ्ठ्याहत्तर मिळवा : १७१९ ते १७२४. ती बांधली वीरूबाईंनी, थोरल्या शाहू महाराजांच्या काळात. १६४१ साली शाहूंचे आजोबा, म्हणजे खुद्द शिवाजी महाराज, अकरा वर्षांचे होते! आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर मी हे दरवेळी दुरुस्त करतो. दरवेळी कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकतं आणि पुढच्या महिन्यात तोच मजकूर परत पाठवतं.

२ सप्टेंबरला ई-पासची अट गेली, आणि आमचं जिल्हादर्शनही तिथंच थांबलं. पुढे काश्मीर झालं. राजस्थान झालं. तिथं पैसे मोजून विहिरी पाहिल्या.

संगम माहुली मात्र राहिली. तिथं खंड्याची समाधी आहे. खंड्या म्हणजे शाहू महाराजांचा लाडका कुत्रा. त्यानं महाराजांचा जीव वाचवला आणि त्याला पालखीचा मान मिळाला, अशी गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. घरापासून पाच किलोमीटर. माहुलीला मी कमी वेळा गेलोय असं नाही, पण सातारकर माहुलीला जातो तो बहुतेक कुणाच्या तरी दहाव्याला. अशा वेळी कुत्र्याची समाधी कुठंय, असं विचारणं बरं दिसत नाही. नानांच्या दहाव्याला तर अगदी ओठावर आलं होतं. कावळा लवकर शिवेना, सगळे घाटावर ताटकळत उभे, भरपूर वेळ होता. नाही विचारलं.

बरणीखाली नवा कागद घातला. काश्मीरचा कागद घडी करून खिशात ठेवला, कशाला कोण जाणे. हिला खंड्याचं सांगितलं, तर पदराला हात पुसत म्हणाली, "चला, आत्ताच जाऊ."

म्हटलं, ऊन उतरू दे की. खंड्या काय पळून जातोय?