मोलुंग दोन आहेत, नीट ऐका

नागालँडमधल्या मोकोकचुंगकडे निघणाऱ्यांनी आधी हे पक्कं लक्षात ठेवा: मोलुंगकिमोंग जुनं गाव, मोलुंगयिमसेन नवं. मला हे कुणी सांगितलंच नाही. मी ‘मोलुंग’ म्हटलं, ड्रायव्हरने मान हलवली, साडेपाच हजार घेतले आणि मला नव्या गावात उतरवलं. जुन्या गावात न्यायचे वर दोन हजार मागितले. दिले नाहीत, चालत निघाले. आदल्या रात्रीच्या पावसाने चिकणमाती अशी झाली होती की बूट पायातून निघून मागेच राहायचा. उतारावर दोनदा आपटले, हात सोलवटला. काठीशिवाय हा टप्पा करू नका, आणि पावसाळ्यात तर अजिबातच नको.

एवढा हट्ट का, तर इथल्या आओ नागांमध्ये ख्रिस्ती धर्माची सुरुवात जुन्या गावात झाली. १८७१ मध्ये गोधुला हा असमिया ख्रिस्ती प्रचारक इथे आला. गावाला तो कंपनीचा हेर वाटला, म्हणून झोपडीत पहाऱ्यात ठेवलं. तो आतून गात राहिला आणि लोक ऐकायला जमू लागले. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात नऊ आओंनी आसामातल्या शिवसागरला जाऊन बाप्तिस्मा घेतला. डिसेंबरात अमेरिकन मिशनरी एडवर्ड विंटर क्लार्क स्वतः डोंगर चढून आले. हे क्लार्क १८६९ मध्ये शिवसागरला आले होते ते मिशनचा छापखाना सांभाळायला! १८७६ मध्ये ते इथेच राहायला आले. तेव्हा हा मुलूख इंग्रजांच्या हद्दीबाहेर होता, तो जोडला गेला १८८९ मध्ये. नव्या धर्मावरून गावात फूट पडली आणि १८७६ मध्येच क्लार्कबरोबरच्या लोकांनी वेगळं गाव वसवलं, तेच मोलुंगयिमसेन. मला चालावं लागलेली वाट म्हणजे ती फूट, हे मला तिथे चिखलात उभी असताना कळलं. क्लार्कचं नाव सगळे घेतात, गोधुलाचं फार थोडे. हे मला पटत नाही.

जुन्या गावात एका आजोबांनी चुलीशेजारी बसवून काळा चहा दिला. आओंची लिपी कातड्यावर लिहून भिंतीला टांगली होती, ती कुत्र्याने खाल्ली, असं सांगताना त्यांनी भिंतीवर हात ठेवून उंचीही दाखवली. मग प्लास्टिकच्या पिशवीतून भजनांचं पुस्तक काढलं. रोमन अक्षरं, धुराने तपकिरी झालेली पानं. क्लार्कने छापण्यासाठी आओंची चुंगली बोली घेतली, त्यामुळे मोंगसेन ही दुसरी बोली बोलणाऱ्यांना पुस्तकाची भाषा वेगळी आणि घरची वेगळी. पुढे १९११ मध्ये त्यांचा आओ शब्दकोश निघाला. अक्षरं मिळाली ती अशी, आणि त्यात कुणाची बोली मागे पडली तेही विसरू नये.

इम्पुरला मिशनचं जुनं केंद्र आहे. रस्ता बरा, अर्धा दिवस पुरे.

आता कामाचं. इनर लाइन परमिट, म्हणजे नागालँडमध्ये शिरायचा परवाना, आधीच काढा, छापील प्रत जवळ ठेवा. तो नियम १८७३ च्या इंग्रजी कायद्यातला आहे, आजही आपल्याला लागू. रविवारी काहीही मिळत नाही, खायचं शनिवारीच घ्या. रोख न्या. हिवाळ्यात साडेचारलाच अंधारतं. गाडीवाल्याला गावाचं पूर्ण नाव लिहून दाखवा, दोन्ही गावांचं भाडं एकदमच ठरवा, आणि ठरलेला आकडा त्याच्याच हाताने कागदावर लिहून घ्या.