न मापता बेतलेलं चिलखत

पावसात ट्रेकला जाणाऱ्या लोकांचं मला कधी कळलेलं नाही. ओले मोजे, चिखल, वर टपरीवरची मॅगी आणि ढगामुळे न दिसणारा व्ह्यू. तरीही मागच्या दिवाळीत सलग दोन संध्याकाळी मी भर पावसात एका घाटातून चालत होते. घरच्या सोफ्यावर बसून, पण चालत होते.

झालं असं, की भाच्याच्या बारावीपायी बहिणीने त्याचा स्विच, म्हणजे हातात धरून खेळायचा निन्टेन्डोचा गेम कन्सोल, जप्त केला आणि माझ्याकडे ठेवायला दिला. भाच्याचा त्याच रात्री फोन. "मावशी, माझ्या सेव्हला हात लावू नकोस. नवीन प्रोफाइल काढ." म्हणजे मी खेळणार हे त्याने गृहीतच धरलं होतं. आत 'झेल्डा' मालिकेतला 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा गेम होता, २०१७ सालचा. सुट्टीत कुठे जायचं ठरलं नव्हतं, तर हायरूलला, म्हणजे त्या खेळातल्या राज्यात, गेले.

पहिले दोन दिवस मार खाण्यात गेले. खेळाचा नायक लिंक शंभर वर्षांच्या झोपेतून उठतो तो जवळजवळ उघडाच, आणि लाल रंगाचं कुठलंही डुकरतोंड्या बोकोब्लिन काठी घेऊन त्याला आडवं करतं. तिसऱ्या दिवशी हातेनो गावात पोचले. तिथे कपड्यांच्या दुकानात सैनिकी चिलखत मिळतं, छातीचं २५० रुपी. इथल्या पैशाला रुपीच म्हणतात, आपल्या नोटांशी संबंध नाही, रंगीत खडे असतात. पण दुकानात "रुपी" वाचलं की घासाघीस करायची इच्छा होते, आणि तशी सोय खेळात कुठेच नाही हे मला शेवटपर्यंत खटकलं. शेजारच्या रंगाऱ्याच्या दुकानाचं नाव कोची. २० रुपी आणि रंगाला पाच वस्तू दिल्या की कपडे हव्या त्या रंगात बुडवून देतात. मी आधी चिलखताचा रंग बदलला, मग भांडणं काढली. हा क्रम चुकीचा होता हे मान्य.

आता त्या घाटाबद्दल.

झोरा म्हणून पाण्यात राहणारी माशांसारखी माणसं आहेत. त्यांच्या राज्यावर एक यांत्रिक हत्ती सोंडेने पाणी उडवत बसलाय, त्यामुळे तिथे पाऊस थांबतच नाही. या खेळात एरवी कुठलाही कडा चढता येतो, हेच त्याचं मोठं सुख. पण दगड ओला झाला की चार हात वर, दोन हात खाली. ड्युएलिंग पीक्स नावाच्या डोंगरातल्या एका श्राइनमध्ये, म्हणजे कोडी सोडवायच्या देवळात, मला चढाईचा रुमाल मिळाला होता, तो डोक्याला बांधून पाहिला. चढायचा वेग वाढतो, घसरणं तेवढंच राहतं. (२०२३ मध्ये आलेल्या पुढच्या भागात न घसरणारे कपडे आहेत म्हणे. आम्ही घसरून घेतल्यावर!) म्हणून पायवाटेने जायचं, आणि वाटेत दर वळणावर वीज फेकणारे सरडे. मध्येच कुठूनतरी राजपुत्र सिडॉन नदीतून डोकं काढतो, सगळे दात दाखवत "तुला जमेल!" छापाचं काहीतरी म्हणतो आणि गायब होतो. बरोबर चालत मात्र येत नाही. आमच्या ऑफिसात असा एक जण आहे.

राजवाड्यात पोचल्यावर पाहुणचार यथातथाच. राजा डोरेफान भला माणूस, देवळाएवढा मोठा, पण म्हातारे झोरा हायलियन, म्हणजे लिंकच्या जमातीचं कोणी, म्हटलं की तोंड फिरवतात. कारण शंभर वर्षांपूर्वी हायरूलच्या युद्धात त्यांची राजकन्या मिफा गेली आणि लिंक मात्र वाचला. त्यांचं अगदीच चुकतं असं मला वाटलं नाही. राजा एक चिलखत देतो, ते घालून धबधब्यातून उलटं वर पोहता येतं. त्यावरून मुझू नावाचा म्हातारा भडकतो आणि निघून जातो. त्याला गाठायला चौकात मिफाच्या पुतळ्यापाशी जावं लागतं.

तिथे सिडॉन सांगतो, की झोरा राजकन्या ज्याच्याशी लग्न करायचं त्याच्यासाठी चिलखत स्वतःच्या हातांनी करतात आणि हे मिफाने लिंकसाठी केलेलं आहे. मुझूला ते पटत नाही. मग लिंकने ते घालून दाखवायचं. म्हणजे मी मेन्यू उघडायचा आणि कपडे बदलायचे. मी बदलले. खांद्यापासून कमरेपर्यंत कुठे सैल नाही, कुठे ताण नाही. मुझूचा आवाजच बंद.

लिंकला यातलं काही आठवत नाही, त्याची आठवण त्या झोपेत गेलेली आहे. आणि मी तर त्याला चार दिवसांपूर्वी पहिल्यांदा पाहिलेलं. पण मला एकदम हॉस्टेलमधला स्वेटर आठवला. आईने पहिल्या वर्षी थंडीत विणून पाठवला होता, माप न घेता, अंदाजाने. बाह्या चार बोटं लांब निघाल्या. मी फोनवर "मस्त बसलाय" सांगितलं आणि चार वर्षं बाह्या दुमडून घातला. माप न घेता बेतलेलं अंगाला इतकं अचूक बसायचं, तर बेतणाऱ्याने त्या माणसाकडे किती वेळ पाहिलं असेल? स्विच मांडीवर ठेवून मी बराच वेळ त्या पुतळ्यासमोर पावसात उभी होते. नवरा म्हणाला, "हँग झालं का?" मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तेच चिलखत घालून धबधबे चढत प्लॉयमस डोंगरावर गेले. हत्तीसाठी विजेचे वीस बाण गोळा करायचे होते आणि त्या बाणांवर एक लायनेल पहारा देतो, सिंहाच्या तोंडाचा घोडामानव. त्याने मला एका घावात संपवलं. मिफाच्या चिलखताचं संरक्षण ३. दुकानातल्या सैनिकी चिलखताचं ४. म्हणजे तिने जीव ओतून केलेलं, दुकानात २५० रुपीला टांगलेल्यापेक्षा एकने कमी. हा आकडा वाचून मला आलेला राग अजून पुरता गेलेला नाही. बाण मी शेवटी झुडपांमागून चोरून वेचले, हत्ती शांत केला, पाऊस थांबला. पण ३ डोक्यात राहिले.

चिलखत वाढवतात महापऱ्या. एकूण चार. प्रत्येकीचा झरा म्हणजे एक बंद कळी, तिच्यातून नुसता हात बाहेर येतो आणि पैसे मागतो. पहिलीने काकारिको गावाच्या वर १०० रुपी घेतले. एक परी जागी असेल तर चिलखताची एक चांदणी, म्हणजे एक पायरी, वाढते, दोन असतील तर दोन, असं चारपर्यंत. ३ चे ५ होतात, मग ८, १२ आणि शेवटी २०. वर सामानही आपणच न्यायचं. मिफाच्या चिलखताला पहिल्या चांदणीसाठी सरड्यांची शिंगं लागली, म्हणजे घाटात ज्यांच्यापासून पळाले त्यांनाच शोधत हिंडणं आलं. दुसऱ्या परीने ५०० मागितले, तिसरीने १०००. हिशेब असा चाललाय म्हटल्यावर चौथी फार तर दोन-अडीच हजार मागेल, असं मी मनाशी धरलं.

चौथी गेरुडो वाळवंटात, एका अवाढव्य सांगाड्याजवळ. दिवसा भाजतं, रात्री थंडीने कुडकुडतो. गेरुडो शहरात पुरुषांना बंदी, म्हणून लिंकला ६०० रुपीचा बायकी पोशाख घ्यावा लागला. तो त्याला सैनिकी चिलखतापेक्षा शोभतो. वाळूतल्या सीलला दोरी बांधून, ढालीवर उभं राहून, फरपटत त्या झऱ्यापाशी पोचले. हात बाहेर आला. १०,०००.

मी तो आकडा दोनदा वाचला. भाच्याला फोन केला. तो अभ्यास करत असावा, कारण पहिल्या रिंगलाच उचलला. "दहा हजार मागतेय रे!" "मग? हेब्राला जा, बोलिंग खेळ."

हेब्राच्या बर्फात पोंडोचं लॉज आहे. २० रुपी भरायचे, उतारावरून बर्फाचा भलामोठा गोळा सोडायचा, खालचे दहाच्या दहा पिन एका फेकीत पडले तर ३०० रुपी. जमवलेले साडेतीन हजार होते, म्हणजे अजून साडेसहा. तीन संध्याकाळी मी हेच केलं. कोणी विचारलं की दिवाळीत काय केलंस, तर मी "वाचन" म्हणते. दुसऱ्या संध्याकाळी नवराही शेजारी येऊन बसला आणि प्रत्येक फेकीआधी "अर्धं पाऊल डावीकडे" सांगू लागला. त्याचं ऐकलं की एक पिन हमखास उभा राहायचा. लॉज मात्र झकास. लाकडी, उबदार, मालक एकटाच, आणि गर्दी म्हणून नाही. मनालीला आम्ही याच्या दसपट पैसे देऊन याच्या निम्मं सुख घेतलं होतं.

पुन्हा वाळवंट. पैसे ओतले, कळी उमलली. शेवटच्या चांदणीला या पऱ्या जे करतात ते मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. त्या लिंकला उचलून सरळ झऱ्यात खेचतात. आत काय होतं ते दिसत नाही. बाहेर पडतो तेव्हा पोराच्या अंगात त्राण नसतं. सासूबाई नेमक्या त्याच वेळी चहा घेऊन आल्या. "हे मुलांना खेळायला देतात?"

चिलखत २० झालं.

मग मी प्लॉयमसवर परत गेले. आता पाऊस नाही, गवत वाळलेलं, लायनेल त्याच फेऱ्या मारत होता. त्याने तलवार घातली. लिंक उडाला, दगडावर आपटला, जीव मोजणारे हार्ट्स गेले आणि उठून उभा राहिला. मीच दचकले. लढाई मी जिंकले नाही. दोन घाव आणखी खाल्ले आणि कड्यावरून पॅराग्लायडर उघडून खाली आले, थेट चौकात, पुतळ्यापाशी.

झोरांनी नेहमीचंच बोलणं बोललं. चिलखताला चार चांदण्या आहेत हे कोणाच्या लक्षात आलं नाही, मुझूच्याही नाही. रात्री भाच्याचा मेसेज आला, "२० झालं का? आता टोपी आणि पायजमा शोध. टोपी टोटो तळ्यात आहे."

ती कोणी शिवली ते त्याला माहीत नव्हतं.