छातीत गच्च होतं, पण टेन्शन नाही म्हणे

मागच्या आठवड्यात मेडिसिन ओपीडीतून एक गृहस्थ माझ्याकडे पाठवले, पंचेचाळिशीचे, धडधड आणि पोटात गोळा अशी तक्रार, ईसीजी, टूडी इको, थायरॉइड सगळं नॉर्मल. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) भीती वाटते का विचारलं तर नाही. राग? नाही. "सांगता येत नाही मॅडम, इथं गच्च होतं बस." आई नुकतीच वारलेली, तेव्हा काय वाटलं विचारलं तर म्हणाले, "कामं लई होती, ॲसिडिटी झाली." आणि टाळत नव्हते हो, कपाळाला आठ्या घालून खरंच शोधत होते, सापडत नव्हतं.

आपल्याला काय वाटतंय हे ओळखता, सांगता न येणं, याला अलेक्झिथिमिया म्हणतात, १९७० च्या दशकात सिफनिओस या मानसोपचारतज्ज्ञाने दिलेलं नाव, शरीराच्या तक्रारी घेऊन येणारे असेच पेशंट बघून. हा स्वतंत्र आजार धरत नाहीत, साधारण १० टक्के लोकांत ठळकपणे दिसतं, ऑटिझम असलेल्यांत तर जवळपास निम्म्यांत. २० प्रश्नांची टोरांटो स्केल असते, ६१ किंवा त्याहून वर गेलं की जास्त समजायचं, यांचा स्कोअर बराच वर गेला.

माझी इंटर्न लगेच म्हणाली, मॅम, बाप कडक असणार, पोरांनी रडायचं नाही वगैरे. हे उत्तर आपल्याकडे तयारच असतं, आणि बऱ्याचदा बरोबरही निघतं, ज्या घरात रडणाऱ्या पोराला कायम "गप बस" ऐकावं लागतं तिथं ते आपल्याला काय होतंय हे ओळखायला शिकणार कुठून. पण जुळ्यांच्या अभ्यासात आनुवंशिकतेचाही वाटा दिसलाय, शिवाय डिप्रेशन, मोठा आघात, मेंदूला मार यानेही असं होतं. म्हणून मी आधी एकच विचारते, कधीपासून?

ते म्हणाले पहिल्यापासून. बायको बाहेर बसलेली, तिला बोलावलं तर ती उडालीच, "पहिल्यापासून? अहो सिरियल बघताना रडायचे हे, मीच हसायचे यांना! गाडीवरनं पडले तेव्हापासून असे झालेत." हेल्मेट नव्हतं, काही तास शुद्ध नव्हती, पण ऑपरेशन झालं नाही म्हणून केसपेपरवर कोणी लिहिलंच नाही.

मेंदूत इन्सुला नावाचा भाग आहे, धडधड, पोटातली ओढ अशा आतल्या खबरा तिथं पोचतात आणि त्यातनं भावना उभी राहायला मदत होते. डोक्याला मार लागलेल्यांत हे जुळणं बिघडलेलं बऱ्याचदा दिसतं. अर्थात एवढ्यावरून शिक्का मारता येत नाही, आईचं दुःख आहे, डिप्रेशनही असू शकतं, त्यामुळे न्यूरोकडे एमआरआयसाठी चिठ्ठी दिली आणि डिप्रेशनची तपासणी इकडे सुरू केली.

सोबत एक वही दिली, शरीरात काय झालं आणि त्याआधी काय घडलं एवढंच लिहायचं, भावनेचं नाव लिहायची सक्ती नाही. काल घेऊन आले. "मंगळवार, मेव्हण्याचा फोन, उसने पैसे, कान गरम." बायको म्हणाली, "म्हणजे राग आला की!" ते वहीकडे बघत म्हणाले, "असंल. पैसे तर त्यानं बुडवलेतच."